गाडी तीच

दसऱ्याच्या सकाळी आमच्या अंगणात गाडीची पूजा असते. आदल्या दिवशी तिला विहिरीच्या पाण्याने धुवायचे, टपावर झेंडूची माळ आणि आंब्याचा टाळा बांधायचा, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढायचे आणि चाकापुढे नारळ फोडायचा. माझ्या वडिलांनी घालून दिलेला हा परिपाठ गेली साठ वर्षे चालू आहे. यंदा माळ बांधता बांधता माझा नातू म्हणाला, “आजोबा, हिचं इंजिन आता काढून टाकू. सरकारमान्य संच मिळतो, बॅटरी आणि मोटर. धूर नाही, आवाज नाही, तेल नाही.”

मी म्हणालो, “अरे, पण मग ती आपली गाडी राहील का?”

तो हसला. “तुम्हीच तर सांगता की हिचं इंजिन एकदा बदललंय म्हणून. तेव्हा राहिली ना? मग आता का नाही राहणार?”

घरातली माणसे हसली. मीही हसलो, पण आरतीचे ताट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. कारण हाच प्रश्न १९८१ साली मी माझ्या वडिलांना विचारला होता, आणि त्यांनी दिलेल्या उत्तराचा अर्थ मला कित्येक वर्षांनी उमगला. दिवाळीच्या फराळाबरोबर तत्त्वज्ञान वाढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण ज्यांच्या घरी एखादी जुनी वस्तू आहे, दुरुस्त करून करून टिकविलेली, त्यांना हा प्रश्न अगदीच परका वाटणार नाही.

आमचे गाव नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या पलीकडे, सडकेपासून दोन-अडीच कोस आत. नगरला जायचे म्हणजे आधी घोडेगाव गाठायचे आणि मग इमामपूरचा घाट ओलांडायचा. आज हे अंतर तासाचे आहे. माझ्या लहानपणी ते नशिबाचे होते. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण बाळंतपणात अडली तेव्हा तिला बैलगाडीत घालून निघाले होते. सडक दिसू लागली आणि ती गेली. बैलांना हाकणारे आबाच होते. हे त्यांनी आम्हां मुलांना कधी सांगितले नाही, आईने सांगितले.

पुढे १९६४ साली आबांनी एक जुनी जीप विकत घेतली. महिंद्रांच्या कारखान्यात विलिस कंपनीच्या परवान्याने जुळविलेली, मागे माल भरायचा हौदा असलेली. आज अशा गाडीला कोणीही पिकअप म्हणेल. आमच्या गावात तिला ‘हौद्याची जीप’ म्हणत. तिच्या इंजिनाचे नाव होते ‘हरिकेन’. चार सिलिंडरचे, सव्वादोन लिटरच्या आसपासचे, पेट्रोलवर चालणारे. गावात वीज यायची होती, त्यामुळे हरिकेन म्हटले की सर्वांना कंदीलच आठवे. आबा गमतीने म्हणत, “आपल्याकडं दोन हरिकेन. एक खुंटीला, दुसरा बॉनेटखाली. दोन्ही रातच्यालाच कामाला यायचे.”

ही नुसती गंमत नव्हती. गाडी दारात आली त्याच संध्याकाळी त्यांनी चावडीवर सांगितले होते की, रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे असेल तर दार वाजवा, गाडी निघेल. भाडे नाही, पेट्रोलचे पैसे नाहीत. दिवसा ती गाडी कांद्याची, बी-बियाण्याची, सिमेंटच्या पोत्यांची. रात्री मात्र जो दार वाजवील त्याची. ज्यांचा जन्म त्या हौद्यात घाट चढता चढता झाला अशी दोन माणसे आमच्या गावात आजही आहेत. त्यांना आम्ही ‘जीपवाले’ म्हणतो.

त्या इंजिनाचा आवाज मला फार आवडे. मऊ, सलग, एखाद्या तृप्त जनावराच्या घशातून यावा तसा. पण तृप्त राहायला त्याला पेट्रोलही तसेच लागे. लिटरला सात किलोमीटर, फार तर साडेसात. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि जगात पेट्रोलचा भाव भडकला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, पुन्हा भडका. इराण कोठे आणि आमचे गाव कोठे! पण तेहरानात राजा पळाला आणि इकडे आमच्या दारातली जीप उभी राहू लागली. मी नगरच्या कॉलेजातून नुकताच बी. कॉम. होऊन आलो होतो. घरचा हिशेब माझ्याकडे आला होता, आणि हिशेबाच्या वहीत त्या जीपच्या पानाइतके तांबडे पान दुसरे नव्हते.

१९८१ ची कार्तिकी. आबा पंढरपूरला गेले होते. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, कांदा सडकेला न्यायचा होता, आणि टाकीत मोजून पाच लिटर पेट्रोल होते. मध्यरात्र उलटल्यावर दार वाजले. शेजारचे तात्या. त्यांच्या आईला दम लागला होता. श्वास आत जात होता तो बाहेर येत नव्हता. तात्या म्हणाले, “गाडी काढतो का रं बाळा?”

मी म्हणालो, “तात्या, गाडी बंद पडलीय.”

हे वाक्य माझ्या तोंडून इतके सहज निघाले की मलाच त्याचे आश्चर्य वाटले. तात्या एक क्षण थांबले. अंगणात चांदणे होते आणि चांदण्यात जीप उभी होती. ते काही बोलले नाहीत, वळले आणि गेले. थोड्या वेळाने त्यांच्या बैलगाडीच्या चाकांचा आवाज आला, आणि तो मला पार ओढ्यापर्यंत ऐकू येत राहिला. म्हातारी वाचली, हे मी लगेच सांगतो. घोडेगावच्या सडकेला त्यांना कांद्याचा एक ट्रक मिळाला, त्याने नगरच्या दवाखान्यात पोचविले, आणि पुढे ती सहा वर्षे जगली. पण ती वाचली यात माझा काही वाटा नाही. ती गेली असती तरी मी अंथरुणातच असतो.

आबा परतले. पायावर पाणी घेतले, तुळशीपुढे बुक्का ठेवला आणि गाडीकडे गेले. टाकीत पट्टी घालून तेल बघण्याची त्यांची सवय होती. पट्टी बाहेर काढून त्यांनी ती उन्हात धरली. मग मला विचारले, “तात्याची आई आजारी व्हती म्हणं?”

“हो,” मी म्हणालो.

त्यांनी पट्टी पुसली आणि ठेवून दिली. मला वाटले होते ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरे झाले असते. त्या रात्री जेवताना ते आईकडे बघून म्हणाले, “माणूस खोटं कवा बोलतो? परवडत न्हाई तवा. मग परवडंल असं काई तरी करावं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी एक म्हैस विकली. आणि येत्या रविवारी, टाकीत उरलेल्या त्याच पाच लिटर पेट्रोलवर, आम्ही दोघे नगरला गेलो, ते पेट्रोलचे इंजिन काढून टाकायला.

नगर हे वाहनांचे गाव आहे, हे बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. किल्ला ठाऊक असतो. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू तेथे कैदेत होते आणि तेथेच त्यांनी भारताचा शोध घेणारा आपला ग्रंथ लिहिला, हेही शाळेत शिकवितात. पण रणगाड्यांच्या दलाचे शिक्षणकेंद्र नगरला आहे, आणि लष्करी वाहनांची परीक्षा घेणारी संरक्षण खात्याची संस्थाही येथेच आहे. त्यामुळे वाहनाच्या पोटात हात घालणारे कारागीर या गावात पूर्वीपासून. आबांच्या ओळखीचे एक मिस्तरी होते. वयाने आबांपेक्षा मोठे, डोळ्यांनी अधू; पण इंजिनाचा आजार ते कानाने ओळखत. अपघातात चेपलेल्या एका मॅटॅडोरचे डिझेल इंजिन त्यांनी राखून ठेवले होते. ते ठोकून म्हणाले, “ह्याला मरण न्हाई.”

पंधरा दिवस काम चालले. मी रोज जात असे. काही शिकायचे म्हणून नव्हे, घरी आबांच्या समोर बसवत नसे म्हणून. जे पाहिले ते सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि प्लगची ठिणगी त्याला पेटविते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. नुसती हवा आत घ्यायची आणि ती इतकी दाबायची की दाबानेच ती शेकडो अंश तापावी. मग त्या तापल्या हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. आमच्या हरिकेनमध्ये हवा सुमारे सात पट दाबली जाई. डिझेलमध्ये ती वीस पटीच्या आसपास दाबतात. म्हणून डिझेलचे लोखंड जाड, वजन जास्त, हादरा जास्त. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने १८९७ साली असे इंजिन प्रथम नीट चालवून दाखविले. आणि १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात अशा जातीचे एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालविले होते. हे मी आबांना वाचून दाखविले तेव्हा त्यांना मोठी मौज वाटली. “म्हंजे पणतीच की!” ते म्हणाले.

साखळीच्या कप्पीने हरिकेन वर उचलले तेव्हा बॉनेटखाली नुसती पोकळी राहिली. कॉइल गेली, प्लग गेले, कार्ब्युरेटर गेला. त्यांच्या जागी पंप, नोझल, फिल्टर आणि हीटर आले. नव्या इंजिनाची आणि जुन्या गिअरबॉक्सची तोंडे जुळेनात, म्हणून मध्ये लेथवर कातलेली जाड लोखंडी प्लेट बसविली. वजन वाढले म्हणून पुढच्या स्प्रिंगला एक पाटा चढविला. बॅटरी मोठी घेतली. आणि एक गोष्ट मला नवीनच होती. पेट्रोलची गाडी किल्ली फिरवली की थांबते. हे इंजिन किल्ली काढली तरी चालतच राही. त्याचे तेल तोडावे लागे, आणि त्यासाठी मिस्तरींनी डॅशबोर्डखाली एक ओढायची मूठ बसविली.

गाडी सुरू झाली आणि माझे तोंड उतरले. तो मऊ आवाज गेला होता. ही खडखडत होती, आरसा थरथरत होता, मागे काळा धूर. ऐंशीचा वेग साठावर आला. लिटरला बारा किलोमीटर जाऊ लागली हे खरे, पण घरी येताना इमामपूरच्या घाटात मी आबांना म्हणालो, “आबा, ही आपली गाडी नाही राहिली.” ते बराच वेळ बोलले नाहीत. घाट संपल्यावर म्हणाले, “बाळा, त्या रातीला तरी ती आपली कुठं व्हती?”

हेच ते उत्तर. मी ते तेव्हा नुसते शिक्षा म्हणून ऐकले.

आता प्रश्नाकडे येऊ. एखाद्या वस्तूचा मुख्य भागच बदलला तर ती वस्तू तीच राहते काय? याचे सर्वांत सोपे उत्तर सरकारी कचेरीत मिळते. आमच्या गाडीच्या नोंदणीपुस्तकात इंजिनाचा जुना नंबर खोडला गेला, नवा लिहिला गेला. चासीचा नंबर मात्र तोच राहिला, आणि पाटीवरचा क्रमांकही तोच. म्हणजे सरकारच्या मते गाडीचा आत्मा सांगाड्यात असतो, काळजात नव्हे! पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने फेरफाराचे नियम आणखी कडक केले, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कारखान्याने ठरविलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत असे बदल मालकाला मनाने करता येणार नाहीत. कायद्याचे बरोबर आहे. रस्त्यावर दुसऱ्यांचे जीव असतात. पण कायदा ओळख पटविण्यासाठी नंबर मागतो. आपलेपणा कशात आहे हे त्याला सांगता येत नाही, आणि ते त्याचे कामही नाही.

तत्त्वज्ञांनी हा प्रश्न फार पूर्वीच उकरून काढला आहे. मिलिंद नावाच्या ग्रीक राजाला भिक्षू नागसेनाने विचारले, महाराज, आपण आलात तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला, आणि शेवटी रथ हे नुसते व्यवहाराचे नाव आहे असे ठरले. तिकडे ग्रीकांनी थीसियसच्या जहाजाची गोष्ट रचली. एकेक कुजकी फळी बदलता बदलता सगळेच जहाज नवे झाले, तर ते थीसियसचेच काय? सतराव्या शतकात टॉमस हॉब्ज या इंग्रजाने त्यावर कडी केली. तो म्हणाला, काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते?

हॉब्जचे हे कोडे मला पुस्तकात भेटण्याआधी घोडेगावच्या बाजारात भेटले. आमचे काढलेले हरिकेन मिस्तरींनी पाथर्डीकडच्या एका जीपवाल्याला विकले होते. दोन-तीन वर्षांनी मी बाजारात बैलांच्या रांगेशी उभा असताना मागून तो आवाज आला. मऊ, सलग. मी इतक्या झटकन वळलो की शेजारचा माणूस दचकला. एक हिरवी, अनोळखी जीप गर्दीतून हळूहळू चालली होती. पोटात आमचे इंजिन. मी तिच्यामागे चार पावले गेलोही. मग थांबलो. तिच्यात बसलेल्या माणसांना मी ओळखत नव्हतो. आणि आमच्या गावात रात्री कोणी दार वाजविले तर ती येणार नव्हती.

त्या क्षणी मला घाटातले उत्तर समजले. १९८१ च्या त्या रात्री आमची जीप शेवटच्या नटबोल्टापर्यंत मूळचीच होती. एकही फळी बदललेली नव्हती. नागसेन येवो की हॉब्ज येवो, कोणालाही तिच्यात खोट काढता आली नसती. तरीही ती आमची गाडी नव्हती, कारण चावडीवर दिलेला शब्द तिने मोडला होता. तिने म्हणजे मी. आणि महिन्याभराने परके काळीज घेऊन, खडखडत, धूर ओकत ती परत आली, आणि पहिल्याच थंडीत मध्यरात्री हीटर तापवून सुरू झाली, तेव्हा ती पुन्हा आमची झाली. वस्तूचे तेच-पण तिच्या लोखंडात नसते. तिच्यामागे कोणीतरी उभा राहून जो शब्द पाळत असतो, त्यात असते.

यावर कोणी म्हणेल, मग काय, जी गाडी रोग्याला दवाखान्यात नेईल ती तुमची गाडी? शेजारगावची जीपही हेच काम करीत असेल! हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो स्वतःशी पुष्कळदा घेतला आहे. त्याचे उत्तर असे की, काम कोणतीही गाडी करील. पण दिलेला शब्द कोणाचा तरी असतो. आबांनी तो १९६४ साली दिला, मी तो १९८१ मध्ये मोडला, त्यांनी म्हैस विकून तो सांधला, आणि त्यांच्यामागे तो माझ्याकडे आला. ही साखळी म्हणजे गाडी. इंजिन हा तिच्यातला एक दुवा, तोही बदलता येण्याजोगा.

आमच्या जिल्ह्यात अशी उदाहरणे शोधावी लागत नाहीत. नगरच्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धातला पॅटन रणगाडा उभा आहे. आसल उत्तरच्या उसाच्या शेतांत ज्यांची दैना झाली ते पॅटन पेट्रोलवर चालत. पेट्रोल लवकर भडकते आणि पल्लाही कमी पडतो, म्हणून अमेरिकनांनी पुढे त्याच जातीच्या रणगाड्यांत डिझेल इंजिने बसविली. नाव पॅटनच राहिले, शेपटाला एक आकडा वाढला. ज्या कारखान्याची आमची जीप, त्याचेच पाहा. १९४५ साली ती कंपनी ‘महिंद्र आणि महंमद’ होती. फाळणीनंतर भागीदार पाकिस्तानात गेले, १९४८ मध्ये ती ‘महिंद्र आणि महिंद्र’ झाली. आद्याक्षरे तीच राहिली. आणि खुद्द आमचा जिल्हा! निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलेले अहमदनगर २०२४ साली अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. पाट्या बदलल्या, कागद बदलले. पण म्हातारी माणसे एस.टी.त चढताना कंडक्टरला अजून ‘एक नगर’ एवढेच सांगतात, आणि कंडक्टर बरोबर तिकीट देतो.

वस्तूंचे हे झाले. माणसाचे काय? इथे मात्र माझी वाणी थोडी अडखळते. त्या रात्रीला चार तपांहून कमी काळ लोटला आहे; पण त्या बावीस वर्षांच्या पोरातले आज माझ्यात काय उरले आहे? केस गेले, दात बदलले, दोन्ही ड���ळ्यांत परक्या भिंगांतून मी पाहतो. विचार बदलले, भीती बदलली. कधी कधी फार मोह होतो की म्हणावे, तो कोणी दुसराच होता. मी तसा नव्हे. नागसेनाचा आधार घेऊन असे म्हणता येईल असे वाटते. पण त्याच नागसेनाने राजाला दिव्याचाही दाखला दिला आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एक नव्हे. पण ती निराळीही नव्हे, कारण एकीतून दुसरी पेटत आली आहे. आणि म्हणून, तो म्हणतो, एखाद्याच्या दिव्याने घर पेटले तर ‘मी लावलेली ज्योत ती नव्हेच’ असे म्हणून त्याला सुटता येत नाही. मीही सुटू शकत नाही. आपण तेच आहोत हे आपल्या सुखावरून कधी कळत नाही; देण्यावरून कळते. जे देणे मला अजून माझे वाटते, तितका मी तोच आहे.

तात्यांना मी कधीच सांगितले नाही. सांगायचे ठरवून तीनदा त्यांच्या ओट्यापर्यंत गेलो, आणि पीकपाण्याचे बोलून परत आलो. डिझेलची झालेली गाडी घरी आली त्या संध्याकाळी तिला पहिला हार घालणारे तात्याच होते. बॉनेटवर हात ठेवून ते म्हणाले, “आवाज बदालला. पण गाडी तीच.” ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे. पुढे तात्या आजारी पडले तेव्हा त्यांना मीच नगरला नेले, दोनदा. दोन्ही वेळा ते हौद्यात न बसता माझ्या शेजारी बसले. दुसऱ्या खेपेनंतर ते परत आले नाहीत. हे सांगण्याजोगे एकच ठिकाण आता उरले आहे, आणि ते म्हणजे हा कागद.

राहता राहिला नातवाचा प्रश्न. त्याला मी म्हणालो, “एकशे आठ नंबरची गाडी आता फोन केल्यावर येते. २०१४ पासून येते. मग आपल्या गाडीची गरज तरी काय?” तो म्हणाला, “आजोबा, ओढ्याला पूर आला तेव्हा ती पलीकडंच थांबली होती. नेलं कोणी?” हे मला मान्य करावे लागले. मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली, ती मला जास्त लागली. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये ठरविले आहे. ज्यांना दम लागतो म्हणून आम्ही न्यायचो, त्यांच्याच श्वासात आमची गाडी वाटभर धूर सोडीत होती! आबांना हे ठाऊक असते तर त्यांनी काय केले असते, याबद्दल मला शंका नाही. त्यांनी उरलेल्या डिझेलवर गाडी नगरला नेली असती.

म्हणून या पाडव्यानंतर आम्ही तिचे काळीज पुन्हा बदलणार आहोत. रीतसर परवानगी काढून, कचेरीतून शिक्का घेऊन. तो खडखडाटही मला आवडू लागला होता, हे कबूल करतो. माणूस कशावरही जीव लावतो. नातवाला मी एकच अट घातली आहे. दिवसा कितीही कांदा वाहून ने. पण दिवेलागणीला बॅटरी लावायची, आणि नगरला जाऊन परत येण्याइतकी ती रोज रात्री भरलेली असलीच पाहिजे. त्याने मान डोलावली. मग थोड्या वेळाने आपण होऊन म्हणाला, “आणि कोणी दार वाजवलं तर किल्ली कुठं असते ते मला दाखवून ठेवा.”

मी त्याला खुंटी दाखविली. तिच्यावर जुना हरिकेन कंदील अजून आहे, आणि किल्ली त्याच्याच कडीला अडकविलेली असते.